डोळ्याची किंमत

'डोळ्याबद्दल डोळा' हे बायबलातील वचन मी सूड म्हणूनच ऐकले होते. येशूनेही याच वचनावर बोलताना सूड नाकारला. ज्यू धर्मपंडितांनी मात्र त्याचा अर्थ भरपाई असा लावला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात तिचे ५ भाग आहेत: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान. पुढे ताल्मुदात प्रश्न आला: आंधळ्यानेच दुसऱ्याचा डोळा फोडला, तर त्याचा कोणता डोळा काढणार?

माझ्या वडिलांचे बोट यंत्रात गेले. मालकाने बोटाचे पैसे दिले, मजुरीचे नाव काढले नाही. वर 'लक्ष कुठे होते?' हे सर्वांदेखत ऐकवले.

बंधुभगिनींनो, त्या पंडितांनी अपमानही हिशेबात धरला. ग्रंथाला प्रश्न विचारला, म्हणूनच त्यांना त्यात जखमी माणूस दिसला.