'इतर'चा रकाना

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी अकरा वर्षं पगारपत्रक केलं. बत्तीस कामगार. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, उचल आणि शेवटी 'इतर' असे कपातीचे रकाने. २०१८च्या जुलैचा पगार काढताना साहेब म्हणाले, "रिजेक्शन वाढलंय, इन्सर्ट तुटतायत. सगळ्यांवर वाटून टाका." मी प्रत्येकाच्या नावापुढे ४५० टाकले, आणि पुढे दर महिन्याला तेच चाललं.

पगार झाला त्याच दिवशी लेथवरचे मामा पावती घेऊन आले. तेलानं काळं झालेलं बोट त्या आकड्यावर ठेवून म्हणाले, "ताई, हे इतर म्हंजे काय हो?"

"नियमानं आहे, मामा," मी म्हटलं. नियम मी वाचलेला नव्हता.

खोटं बोलतेय असं मला वाटलं नाही, हे आज सांगायला जड जातं. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा साहेबांनी न मागता वीस हजारांची उचल दिली होती. अशा माणसाकडे साडेचारशेचा हिशेब मागायचा? कामगार कार्यालयाची पायरी चढणारा तो खाल्ल्या मिठाला न जागणारा, असं मी मनापासून मानत होते. २०१९च्या दिवाळीला 'यंदा फायदा नाही' म्हणून बोनस झाला नाही, तेव्हा मिठाईचे पुडे मीच वाटले.

दिवाळीनंतर मामांनी कायद्याच्या झेरॉक्स आणल्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बारीक अक्षर दिसत नाही. तुम्हीच वाचा."

मी मोठ्यानं वाचू लागले. १९३६चा वेतन प्रदान कायदा: दंड पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मामांचा पगार चौदा हजार, म्हणजे ४२०. नुकसानीची कपात ज्याच्या हयगयीनं नुकसान झालं त्याच्याकडूनच, तीही त्याचं म्हणणं ऐकून घेऊन. सगळ्यांवर वाटून टाकायची सोय कुठेच नव्हती. १९६५चा बोनस कायदा: तोटा असला तरी किमान ८.३३ टक्के, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. वाचता वाचता माझा आवाज बसला. उचल ही साहेबांची माया होती, आणि ती मी हप्त्यानं फेडलीही होती. बोनस मामांच्या घामाचा होता. एकीच्या बदल्यात दुसरं माफ करायचा हक्क मला कुणी दिला होता?

३० नोव्हेंबर उलटली, बोनस आला नाही. डिसेंबरात मामांनी दावा लावला. साहेबांनी कोरी दंड नोंदवही माझ्यापुढे सरकवली, मागच्या तारखा घालून भरायला. मी ती तशीच परत केली आणि बोलावणं आल्यावर खरं तेच सांगितलं. नोकरी पुढे चार महिने टिकली.

बोनस मिळाला, कपात थांबली, बरेचसे पैसे परत आले. पण दाव्याची मुदत कपातीपासून बारा महिन्यांची होती. नव्या वेतन संहितेत ती तीन वर्षांची झाली आहे, तेव्हा नव्हती. उशिराला सबळ कारण असेल तर सूट मिळे. सुनावणीत अधिकाऱ्यांनी मामांना कारण विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहीत नव्हतं, साहेब." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पहिल्या चार महिन्यांचे अठराशे रुपये बुडाले.