साखळीचे दुसरे टोक

भूमिअभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने, मुलगा आणि सून दोघेही नोकरीत गुंतलेली असताना, नातवाचे नाव शाळेतून काढून त्याच्या शिक्षणाचा भार स्वतः उचलावा, ही गोष्ट साताऱ्यातल्या आमच्या आप्तस्वकीयांना रुचली नाही, आणि त्यांनी घेतलेल्या नाना हरकतींपैकी बहुतेक मी ऐकून सोडून दिल्या. परंतु एक हरकत अशी होती की तिचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना. अभ्यासाचे काय, तो कोठेही होईल, पण चार पोरांत न वावरता या मुलाला मित्र कसे मिळणार, असे ते विचारीत. सकृद्दर्शनी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तिसरीच्या ज्या वर्गात तो बसत असे तेथे मुलांची वाण नव्हती, आणि तरीही मधल्या सुटीत डबा घेऊन तो एकटाच पाण्याच्या टाकीपाशी बसे व वाढदिवसाचे निमंत्रण त्याला कोणाकडूनही येत नसे. परंतु हे उत्तर देऊन मी वाद जिंकला असता, मुलाला मित्र मिळाला नसता. म्हणून ती हरकत मी मान्य केली, आणि गणिताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे प्रकरण म्हणून मैत्री हा विषय आमच्या दप्तरी दाखल करून घेतला.

मनोविकारतज्ज्ञांनी त्याचे निदान केले ते एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता आणि तिच्या जोडीला अतिचंचलता. हे नाव १९८७ साली रूढ झाले. परंतु लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते, आणि बुद्धीत उणेपणा नसूनही या मुलांच्या ठिकाणी नैतिक संयम कमी पडतो असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. शास्त्राने तो अर्थ केव्हाच मागे टाकला, समाजाने मात्र टाकलेला नाही. मुलाला वळण नाही, आजीच्या लाडाने शेफारला आहे, हे शब्द लग्नामुंजीत आमच्या कानांवर आजही पडतात. माझी सून महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविते. तिने रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे प्रतिपादन मला समजावून दिले, ते असे की, काय करावे हे या मुलांना ठाऊक नसते असे नाही. जे ठाऊक असते तेच ऐन वेळी आचरणात उतरत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबावे, दुसऱ्याचे बोलणे तोडू नये, हरल्यावर पट उधळू नये, ही सारी कलमे माझ्या नातवाला मुखोद्गत आहेत, आणि तरीही खेळ ऐन भरात आला की त्यांतले एकही त्याच्या हाताशी येत नाही. हे एकदा ध्यानात आले म्हणजे संध्याकाळी समोर बसवून केलेल्या उपदेशाचा उपयोग का होत नाही, हेही ध्यानात येते.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साहाय्याने बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेविषयी मला पूर्वीपासून आदर होता, परंतु तिचा न्याय माझ्या घरालाही लागू आहे हे बार्कलींच्या प्रतिपादनानंतर कळले. जेथे मैत्री जुळते वा मोडते तेथेच, त्याच घटकेला, तिचे शिक्षण देणारे माणूस हजर असले पाहिजे. दिवाणखान्यात घेतलेला मैत्रीचा पाठ मैदानापर्यंत पोहोचत नाही. औषधाविषयी आमच्या घरी वाद नाही. मेथिलफेनिडेटची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, आणि सकाळच्या अभ्यासाला तिचा उपयोग होतो हे मी प्रत्यक्ष पाहतो; परंतु ती क्षणभर थांबण्याचे बळ देते, कोणाशी कसे खेळावे हे शिकवीत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण लोक तेच अधिक विचारतात. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यात घरच्या शिक्षणाची तरतूद नाही. परंतु राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेत, आणि आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. तेवढे मला पुरेसे आहे.

खात्यात यंत्राने मोजणी होऊ लागल्यावर निकामी ठरलेल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मी एक जुनी लोखंडी साखळी घेऊन ठेवली होती. लांबी तेहतीस फूट, सोळा आण्यांत विभागलेली. त्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. काटकोन साधण्यासाठी शंकू, अंतरांसाठी साखळी आणि आकडे उतरण्यासाठी टिपणाची वही, एवढ्या साहित्यावर जुन्या मुंबई इलाख्यातल्या शेतांच्या हद्दी कागदावर आल्या. हेच साहित्य मी त्याच्या हाती दिले. शेताच्या मधून एक आधाररेषा टाकायची, तिच्यावरून प्रत्येक बांधापर्यंतची लंबांतरे घ्यायची, आणि मग त्रिकोण व समलंब चौकोन वेगळे काढून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करायची. वर्गात फळ्यावरची उदाहरणे अर्धवट टाकून उठणारा हा मुलगा या कामात तासभर रमतो, आणि साखळीला आणे असल्यामुळे पावकी, निमकी, पाऊणकी ही आता शाळांतून हद्दपार झालेली कोष्टके त्याने पाठ न करताच आत्मसात केली आहेत.

परंतु साखळीचा खरा गुण वेगळाच आहे: ती एकट्याला ओढता येत नाही. मागचा माणूस कडी खुणेवर धरून ठेवतो, पुढचा साखळी ताणून नवी खूण रोवतो, आणि दोघांपैकी एकाने जरी हात सैल सोडला तरी आकडा चुकतो व दोघांनाही ते अंतर पुन्हा मोजावे लागते. पाळीची वाट पाहत उभे राहणे, जे या मुलांना सर्वांत जड जाते, ते येथे नाहीच, कारण दोघेही सतत कामात असतात. समोरासमोर बसून बोलण्याचा संकोच नाही. बोलणे होते ते बांधाविषयी, खुणेविषयी, मध्ये आलेल्या बाभळीविषयी. आणि कामाला शेवट आहे, शेत संपले की काम संपले. दोन मुलांच्या मैत्रीला आरंभी ज्या ज्या गोष्टींचा आधार लागतो त्या सर्व तेहतीस फुटांत मला सापडल्या.

दुसरे टोक कोणाच्या हाती द्यायचे, हा निर्णय मात्र मी घाईने घेतला नाही. अमेरिकेतील उन्हाळी शिबिरांतून झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, एकमेकांना पूर्वी कधी न पाहिलेल्या मुलांत सोडले असता अशा मुलांविषयी सोबत्यांचे प्रतिकूल मत पहिल्याच दिवशी बनू लागते. आणि २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीत अशी निम्म्याहून अधिक मुले वर्गसोबत्यांनी नाकारलेली आढळली. एकदा बनलेले मत वागणूक सुधारल्यावरही सहसा पालटत नाही. म्हणून ज्या मुलांनी त्याला वर्गात पाहिले होते त्यांच्याकडे पुन्हा जाणे मला अनुचित वाटले. दुसरा विचार वयाचा. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांना असे आढळले की, अशा मुलांच्या मेंदूचे बाह्यावरण सर्वसाधारण मुलांप्रमाणेच, परंतु सुमारे तीन वर्षे उशिराने परिपक्व होते. त्यावरून मुलाचे वयच तीन वर्षांनी कमी आहे असे कोणी समजू नये, कारण बुद्धीने तो बरोबरीच्या मुलांना भारी आहे. परंतु खेळात तो आपल्याहून लहान पोरांत सुखाने मिसळतो आणि मोठ्यांशीही त्याचे जमते, अडते ते समवयस्कांशी, ही गोष्ट मी पाहत होतो आणि तिचे मला आता नवल वाटेनासे झाले. शाळा जन्मसालाप्रमाणे मुलांचे गट पाडते. जुन्या वाड्यांत तसे गट नव्हते. घरी शिकण्याचा मला दिसलेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे की मित्राच्या जन्मतारखेची चौकशी करावी लागत नाही.

शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचे दुकान आहे त्या शिंप्यांचा मुलगा मी निवडला. तो नातवाहून दोन वर्षांनी लहान. बापाच्या यंत्राशेजारी बसून काजे-बटणे करण्याची सवय असल्यामुळे हाताने स्थिर, आणि कोणी ढकलले तर रडत घरी न जाता तोंडावर सांगणारा. शहाणासुरता म्हणून नावाजलेला मुलगा मी मुद्दामच घेतला नाही, कारण दयेपोटी खेळायला आलेले मूल चार दिवसांनी येईनासे होते. त्याच्या आईला मी निदान स्पष्ट सांगितले. ते लपवून ठेवण्याची पालकांची प्रवृत्ती मला समजते, पण मान्य नाही. तिने हातातला टेप गळ्यात अडकवला आणि म्हणाली, “असू द्या की काका, आमचं पण काय गप बसणारं न्हाई.”

आरंभीचे दिवस आमच्याच अंगणात, एकच मुलगा, तासाभरापेक्षा कमी वेळ, असा शिरस्ता ठेवला. नातवाला ज्या वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहवत नाहीत, म्हणजे त्याची लोहचुंबके आणि मोडक्या घड्याळांची पेटी, त्या त्याने स्वतःच्या हाताने अगोदर कपाटात ठेवायच्या. मित्र येण्यापूर्वी दोन मिनिटे बोलणे, आणि तेही एकाच गोष्टीचे: आज तो आकडा सांगत असेल तेव्हा आपण बोलायचे नाही. एका दिवसाला एकच गोष्ट, दुसरी काढायची नाही, मग ती कितीही डोळ्यांत सलो. आणि काम रंगात असतानाच तहकूब करायचे. आजीने शेंगदाण्याचे लाडू बाहेर आणले की साखळी गुंडाळायची. कंटाळा वा भांडण होईपर्यंत खेळ ताणला तर मुलाच्या स्मरणात तेच शेवटचे उरते, आणि उद्या यायचे की नाही हे तो त्या स्मरणावरून ठरवितो. आमोरी मिकामी या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांऐवजी त्यांच्या पालकांनाच मैत्रीचे मार्गदर्शन कसे करावे हे शिकविले होते, आणि त्याचा मुलांना लाभ झाला. अशी मांडणी करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे हा माझा विश्वास त्यामुळे दृढ झाला.

मोजणीत लांबच्या माणसाशी ओरडून बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा असतात. उजवा हात सरळ वर म्हणजे थांब. ती खूण मी नातवाला कामाची म्हणून शिकविली, आणि हळूहळू ती आमच्या दोघांमधली झाली. मित्रादेखत त्याला शब्दाने टोकायचे नाही हा माझा नियम आहे, कारण आजोबा ज्याला रागावतात त्याची किंमत मित्राच्या नजरेत उतरते.

पुढे आम्ही अंगण सोडून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका ओळखीच्या गृहस्थांच्या रानात जाऊ लागलो. तेथे एकदा नातू पुढच्या टोकाला असताना त्याला दगडावर सरडा दिसला, आणि हातातल्या साखळीसकट तो तिकडे धावला. मागची कडी शिंप्याच्या मुलाच्या मुठीतून ओरबाडत गेली आणि तळहाताची कातडी सोलवटली. तो मुलगा खाली बसला. “मी उद्या येणार न्हाई,” तो म्हणाला. मी हात वर केला आणि जागचा हललो नाही. नातू थबकला. त्याने सरड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग जमिनीवर पडलेल्या साखळीकडे, परत आला, मित्राचा हात उलटा करून बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, “मागचं टोक मी धरतो. तू पुढं हो.” पुढे राहणे त्याला किती प्रिय आहे हे त्या मुलाला ठाऊक होते. त्याने पँटला हात पुसला आणि विचारले, “सरडा कुठाय पण?” माफी माग असे मी सांगितले असते तर शब्द मिळाले असते, हे मिळाले नसते. घरी साखळी पुसताना मी नातवाला एवढेच विचारले की तो उद्या येईल असे तुला कशावरून वाटते, आणि त्याने पुष्कळ विचार करून आपल्या शब्दांत मला ते सांगितले.

मित्र एकच आहे, आणि एक पुरेसा आहे असे मी आता हरकत घेणाऱ्यांना निःशंकपणे सांगतो. लोकप्रियता ही वेगळी वस्तू आहे. ती मुलाला मिळवून देणे माझ्या आवाक्यात नाही आणि तिची त्याला नितांत गरज आहे असेही मला दिसत नाही. एका मुलाला आपण हवे आहोत हे ज्याला कळले त्याची झोप सुधारते, जेवण सुधारते, आणि सकाळी गणिताला बसताना तो पूर्वीइतका हातघाईवर येत नाही, हे मी रोज पाहतो.

गल्लीतल्या क्रिकेटचे मात्र अजून जमलेले नाही. फलंदाजी त्याला येते, पण क्षेत्ररक्षणाला सीमेवर उभे केले की चेंडू येईपर्यंतचा वेळ त्याला असह्य होतो, तो भलतीकडे निघून जातो, आणि मग मोठी मुले चिडतात. मी त्यावर काही योजना करण्याच्या विचारात होतो, तोच परवा शिंप्याचा मुलगा दारात येऊन म्हणाला, “आजोबा, ह्याला किपर करा की. प्रत्येक बॉल त्याच्याकडंच येतोय.” त्याच्या वडिलांनी जुन्या जीनच्या कापडाचे, आत कापूस भरलेले दोन हातमोजे शिवायला घेतले आहेत, आणि रविवारी सकाळी मोठी मुले मैदानावर येण्यापूर्वी आम्ही तिघेच तेथे जाऊन रबरी चेंडूने सराव करणार आहोत.