साडेपाचची बोट आणि बोंबील

2022 च्या डिसेंबरात काकाची मेल आली. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, 1978 पासून अमेरिकेत. "जानेवारीत क्रूझवर येतोय, दुबई ते सिंगापूर. बोट एक दिवस मुंबईला थांबेल. दादाला भेटायचंय आणि आपले इथले मासे खायचेत. जागा तू ठरव."

जागा तू ठरव! मासे म्हटलं की आमच्या सीकेपी घरात एकमत होणं कठीण, त्यात हे.

आधी घड्याळाचा हिशोब मांडला. बोट सकाळी बॅलार्ड पिअरला लागणार. कागदपत्रं वगैरे उरकून काका-काकू दहाला बाहेर. साडेचारला परत बोटीवर हजर, साडेपाचला बोट सुटणार. उशीर केलेल्यांसाठी बोट थांबत नाही. म्हणजे हातात साडेसहा तास.

पहिला पर्याय फोर्ट, बंदरापासून जवळच. तिथे 'त्रिशा' नाही, 'तृष्णा' (आमच्याकडे सगळे चुकीचंच म्हणतात) आणि 'महेश लंच होम', दोन्ही नावाजलेली. पण ती मंगळूरकडची चव. गस्सी आणि नीर डोसा मलाही आवडतो, पण ठाण्याच्या खारकर आळीत वाढलेल्या माणसाला 'आपले मासे' म्हणजे गस्सी नव्हे. शिवाय बाबा तेव्हा 81 वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना डोंबिवलीहून फोर्टपर्यंत नेणं अशक्यच.

दुसरा पर्याय आमचं घर. बायकोच्या हातचं कोलंबीचं भानोलं, अजून काय हवं? पण नेमका रविवार, म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. रस्त्याने यावं तर शिळफाटा. मोठागाव-माणकोलीचा पूल तेव्हा सुरू झाला नव्हता. शेवटी बाबाच म्हणाले, "तो तिकडे अडकला तर त्याची बोट जाईल. त्यापेक्षा मीच पुढे येतो. मला काय, कुठे बोट पकडायचीय?"

म्हणून ठाणं. काकांनी ईस्टर्न फ्रीवेने यायचं, रविवारी सकाळी साधारण तासाभराचा रस्ता. आणि आम्ही लवकर निघून वाटेत हवं तितकं अडकायचं.

मग लागोपाठ दोन शनिवार ठाण्यात खानावळी पालथ्या घातल्या. माझी परीक्षा साधी आहे. ताजे बोंबील आहेत का विचारायचं. बोंबलात पाणी फार, तो लगेच खराब होतो, त्यामुळे त्यात लपवाछपवी चालत नाही. तो डोलीच्या जाळ्यात येतो आणि ते जाळं चालतं भरती-ओहोटीच्या ओढीवर. म्हणून उधाणाच्या दिवसांत माल जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. "बारा महिने सगळं मिळतं" म्हणणाऱ्यापेक्षा "आज नाही आला" म्हणणाऱ्याकडे मी आधी बसतो.

अशी एक उत्तम खानावळ सापडलीही. बोंबील असे की तोंडात विरघळावेत! आनंदाने उठलो आणि बाहेर पडताना पायऱ्या मोजल्या. सात. उंच आणि बिनकठड्याच्या.

तिथे माझी परीक्षाच बदलली. पुढच्या ठिकाणी मी आधी जमीन बघितली, मग खुर्चीला हात आहेत का, मग कमोड आहे का, आणि सगळ्यात शेवटी मासे. जी निवडली ती चवीला दुसऱ्या नंबरची होती. पण दारात एकही पायरी नव्हती.

त्या रविवारी शेजारच्या चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीतून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही). साडेअकराला दोघे भाऊ समोरासमोर, नऊ वर्षांनी. मला वाटलं होतं डोळे बिळे भरून येतील. काकांचं पहिलं वाक्य, "दादा, निवटे मिळतील का रे इथे?"

मालक हसले. चेंदणी कोळीवाड्यातून लहानपणी घरी यायचे ते खाडीचे निवटे काकांच्या डोक्यात होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, शहरांचं सांडपाणी आलं, आणि खाडीची रया गेली. बाबा म्हणाले, "अरे, पुढे पुढे बोईटाला रॉकेलचा वास यायचा. तू गेलास आणि मी खाडीचे मासे सोडले." 2022 मध्ये ही खाडी रामसर स्थळ झाली, फ्लेमिंगो बघायला लोक येतात. पण त्या ताटात खाडीचं काहीच नव्हतं.

मग आमचे मासे आले कुठून? भाऊच्या धक्क्यावरून. म्हणजे काकांची बोट जिथे उभी होती तिथून थोडं उत्तरेला. मासे आणि काका एकाच बाजूने ठाण्याला आले, मासे पहाटे आणि काका टॅक्सीने! 'लोकल' म्हणतात ते हेच असावं.

बोंबील बरे होते, कोलंबी ठीक. बांगड्याशी मात्र काकांची पंचाईत झाली, चव्वेचाळीस वर्षं बिनकाट्याचे तुकडे खाऊन हात विसरला होता. बाबांनी काही न बोलता त्यांची ताटली ओढली, काटे काढले आणि परत सरकवली. काकांनीही काही न बोलता खाल्लं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

दोनला मी घाई सुरू केली. पावणेचारला काकांचा मेसेज, "पोचलो. बोंबील जरा जास्त तळले होते."

बरोबर आहे, होतेच. त्यानंतर बाबा जिना उतरलेले नाहीत. आता पुन्हा कोणी विचारलं, कुठे जेवायचं, तर मी आधी एवढंच विचारतो की सोबत कोण आहे. बाकी बोंबील काय, उधाण आलं की येतातच.