समरकंदचा सव्वा तास

परदेशच्या सहलीला निघताना जड सामान आणि स्वतःची मते या दोन गोष्टी घरी ठेवून जाव्यात, असे अनुभवी माणसे सांगतात. आम्ही दोन्ही बरोबर नेली. सामान माझे होते. मते आमच्या सौभाग्यवतींची होती. पण ती मते तिने इतक्या नीट घडी घालून ठेवलेली होती, की पाचव्या दिवसापर्यंत मला त्यांचा पत्ताच लागला नाही.

मी बँकेत चौतीस वर्षे काढली आणि सौ.ने शाळेत एकतीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. दोघेही निवृत्त झाल्यावर मुलगा म्हणाला, "आता एकदा परदेश बघून या." त्याने सिंगापूर सुचवले, सूनबाईंनी स्वित्झर्लंड. सौ. कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मला समरकंद बघायचंय." घरात क्षणभर शांतता पसरली. शेजारच्या काकू तर दुसऱ्या दिवशी विचारून गेल्या, "तिकडे खायला काय मिळतं हो?"

गेल्या वर्षी गणपती पोहोचवून चौथ्या दिवशी आम्ही निघालो. चौतीस माणसांचा तांडा, सगळे मराठी. नाशिकचे एक वकीलसाहेब, सांगलीच्या दोघी बहिणी, कोल्हापूरचे एक डॉक्टर जोडपे आणि बाकी पुणे-ठाणे-डोंबिवली. दिल्लीहून विमानाने तीन तासांत ताश्कंद! डोंबिवलीहून पुण्याला पोहोचायला कधीकधी याहून अधिक वेळ लागतो, हे वकीलसाहेबांनी विमानातच जाहीर केले. मेतकूट, लसणीची चटणी आणि भाजणीचे पीठ यांचा एवढा साठा पिशव्यांतून होता, की रेशमी मार्गावरचा हा नवा तांडा मसाल्यांच्या व्यापारालाच निघाला आहे, असे कुणालाही वाटावे.

ताश्कंद हे रुंद रस्त्यांचे, झाडांचे आणि कारंज्यांचे शहर. २६ एप्रिल १९६६च्या भूकंपाने जुन्या शहराचा मोठा भाग पाडला आणि त्या जागी हे नवे शहर उभे राहिले. पण आमच्या वयाच्या माणसांना १९६६ आणि ताश्कंद म्हटले की भूकंपाच्या आधी दुसरेच आठवते. १० जानेवारीला करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, म्हणजे ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजी गेले. त्यांच्या नावाचा रस्ता तिथे आहे, अर्धपुतळाही आहे. मी तेव्हा तिसरीत होतो. शास्त्रीजींच्या सांगण्यावरून आमचे वडील सोमवारी रात्री जेवत नसत. आणि शास्त्रीजी गेल्यानंतरही त्यांनी कित्येक महिने ते सोमवार सोडले नाहीत. बसमधून उतरताना गलका करणारी आमची मंडळी पुतळ्यासमोर आपोआप गप्प झाली. डॉक्टरीणबाईंनी केसातले फूल काढून पायथ्याशी ठेवले. आमची वाटाडी एक उझबेक मुलगी होती. ताश्कंदमध्येच हिंदी शिकलेली. ती हळूच म्हणाली, "यहाँ सबको उनका नाम मालूम है."

तिथून आगगाडीने बुखारा. हे गाव मातीच्या रंगाचे. आणि त्या मातीतून ११२७ साली उभारलेला कल्याण मिनार सुमारे शेहेचाळीस मीटर वर गेलेला. चंगीझखानाने १२२० साली गाव उद्ध्वस्त केले, पण मिनार राहिला. मात्र आमच्या मंडळींचा जीव मिनारापेक्षा बाजारात अडकला होता. बुखाऱ्याचे जुने बाजार रस्त्यांच्या चौकांवर घुमट बांधून केलेले आहेत. बाहेर रणरणते ऊन असले तरी आत गारवा असतो. एक घुमट सोनारांचा, एक टोपीवाल्यांचा, एक नाणी बदलून देणाऱ्यांचा. या शेवटच्याचे नाव वाटाडीने सांगितले, "तोकी सर्राफोन," आणि सांगलीच्या धाकट्या बाई ओरडल्या, "अगंबाई, सराफकट्टाच की!"

आणि मग तो खेळच सुरू झाला. फारसीतून आमच्याकडे आलेले आणि त्यांच्याकडे राहिलेले शब्द एकमेकांना भेटू लागले. बाजार तो 'बोझोर', दुकान ते 'दुकोन', तराजू तो 'तरोझी', प्याला तो 'पियोला'. सोनाराला 'झरगर' म्हणतात. 'झर' म्हणजे सोने. "म्हणजे आपल्या पैठणीची जर हीच," सौ. म्हणाली. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द देणारा कोश करवून घेतला होता. दरबारातून बरेच शब्द गेले, पण बाजारातले काही केल्या हलले नाहीत, असेही तिने सांगितले. मी मान डोलावली आणि घड्याळ पाहिले. ही माझी जुनी खोड.

शब्दांनी फजितीही केली. डॉक्टरसाहेबांनी खाणावळीत हिंदीच्या भरवशावर 'सब्जी' मागितली, तर समोर गाजरे आली. उझबेक भाषेत 'सब्झी' म्हणजे गाजर. पण खरी गंमत सौ.ची झाली. एका म्हाताऱ्याच्या दुकानात तिने भरतकामाची एक चौकोनी चादर उचलली आणि मराठीत विचारले, "किंमत?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तो दोन्ही हात हलवून म्हणाला, "किम्मत एमस! अर्झोन, अर्झोन!" हिने पुन्हा विचारले, "पण किंमत?" त्याने बिचाऱ्याने आकडा कमी केला. तिसऱ्यांदा विचारल्यावर आणखी कमी केला. वाटाडी हसून हसून बेजार झाली होती. उझबेक भाषेत 'किम्मत' म्हणजे महाग! सौ. भाव विचारत होती आणि म्हातारा ऐकत होता, "महाग आहे! फारच महाग आहे!" खुलासा झाल्यावर सौ.ने त्याला मधल्या आकड्याप्रमाणे पैसे दिले. शेवटच्या भावाने घेणे म्हणजे भाषेचा गैरफायदा घेणे, असे तिचे म्हणणे. तिथे हजारांच्या आणि लाखांच्या नोटा असल्यामुळे माझ्यासारख्या जन्मभर कॅश मोजलेल्या माणसालाही दोनदा मोजावे लागले.

आता समरकंद. रेगिस्तानच्या चौकात पहिल्यांदा उभे राहिल्यावर आमच्या चौतीस जणांपैकी कुणीही मिनिटभर मोबाईल काढला नाही, एवढे सांगितले तरी पुरे. तीन बाजूंना तीन मदरसे. डावीकडचा उलूघ बेगचा, १४१७ ते १४२०मधला; समोरचा आणि उजवीकडचा सतराव्या शतकातले. निळ्या रंगाच्या किती छटा असू शकतात, ते तिथे कळते. उलूघ बेग हा तैमूरचा नातू. ज्या तैमूरने १३९८ साली दिल्ली लुटली, त्याचा नातू मात्र आकाशातले तारे मोजत बसला. त्याच्या मदरशाच्या दर्शनी कमानीवरही ताऱ्यांचीच नक्षी आहे. पुढे गूर-ए-अमीरमध्ये आजोबा आणि नातू एकाच घुमटाखाली पाहिले. आजोबांवर काळसर हिरव्या जेडची शिळा आहे. नातवाचा १४४९ साली त्याच्याच मुलाच्या कटात शिरच्छेद झाला. १९४१ साली रशियन शास्त्रज्ञांनी कबर उघडली, तेव्हा सांगाड्यावरून ते खरे ठरले.

घोडे अडले ते इथून पुढे. जेवणाला उशीर झाला, दोघेजण खरेदीत हरवले, आणि संध्याकाळी ताश्कंदची गाडी गाठायची होती. सहलीच्या व्यवस्थापकांनी बसमध्ये उभे राहून सांगितले, "मंडळी, हातात फक्त सव्वा तास आहे. उलूघ बेगची वेधशाळा नाहीतर सियाब बाजार. एकच होईल. वेधशाळा पाहायची आहे त्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले. त्यातला एक माझ्या शेजारच्या आसनावरून.

"आणि बाजार?"

हातांचे रान उठले. आणि, वाचकहो, लाज वाटते पण लिहितो, त्या रानात माझाही हात होता. बाजारात मला काही घ्यायचे नव्हते. वेधशाळेचे वावडेही नव्हते. सगळ्यांचे हात वर गेले, तसा माझाही गेला. बँकेतल्या सभांतून चौतीस वर्षे तो असाच वर जात होता.

सौ.ने माझ्या हाताकडे पाहिले. मग आपला हात हळूच खाली घेतला, पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली. रागावली असती तर बरे झाले असते.

बस सुरू झाली आणि मला एकदम १९८९ सालचे जयपूर आठवले. प्रवासभत्त्यावर गेलो होतो, मुलगा चार वर्षांचा होता. जंतरमंतरमध्ये ही प्रत्येक यंत्रापुढे थांबत होती आणि मी मनगट पुढे करून म्हणत होतो, "चल गं, बस सुटेल. पुढे कधीतरी निवांत येऊ." आम्ही दहा मिनिटांत बाहेर पडलो. बस सुटायला त्यानंतर पाऊण तास होता. 'पुढे कधीतरी' मात्र आलेच नाही.

बाजाराशी बस थांबली. मी उतरलो तो थेट व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटले, "आम्ही दोघे टॅक्सीने वेधशाळेला जाऊन येतो. सव्वा तासाच्या आत इथेच हजर होऊ. न आलो तर गाडी सोडा. आमचे आम्ही ताश्कंदला पोहोचू." ते काळजीत पडले, पण वाटाडीने झटकन एक टॅक्सी थांबवली आणि चालकाला सगळे समजावून दिले.

"अहो, उशीर होईल," सौ. म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले असावेत.

वेधशाळा म्हणजे आज पाहायला फारसे काही नाही. टेकाडावर एक लहानशी कमान. आत कठड्यापलीकडे जमिनीत उतरत गेलेला दगडी खंदक, आणि त्यात खाली वळत गेलेल्या दोन समांतर पट्ट्या. उलूघ बेगनंतर इमारत पाडली गेली आणि जागाही विस्मरणात गेली. १९०८ साली व्यात्किन या रशियन संशोधकाने जुन्या कागदपत्रांवरून ती शोधून काढली. मी म्हणणार होतो, "एवढंच?" पण सौ.चा चेहरा पाहून गप्प बसलो.

ती कठड्याला धरून उभी होती. बऱ्याच वेळाने बोलू लागली, तेव्हा मला वर्गात बसल्यासारखे झाले. "हा एका प्रचंड वर्तुळाचा तुकडा आहे. वरचा भाग गेला, जमिनीतला तेवढा वाचला. त्रिज्या चाळीस मीटर. वरच्या भोकातून दुपारचा सूर्यप्रकाश या पट्टीवर पडायचा. कुठे पडला ते बघून सूर्याची उंची काढायची. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर अंशाच्या दोन रेघा अगदी चिकटून असतात. इथे एक अंश म्हणजे जवळजवळ सत्तर सेंटिमीटर! मग त्याचे बारीक बारीक भाग करता येतात. दुर्बीण नव्हती, म्हणून यंत्रच मोठं केलं." एक हजार अठरा ताऱ्यांची सारणी त्याने १४३७ साली पुरी केली, आणि वर्षाची लांबी काढली ती आजच्या गणिताशी एका मिनिटाच्या आत जुळते. "तीनशे वर्षांनी सवाई जयसिंहाने त्याच्याच सारण्या अभ्यासल्या, आणि जयपूरला दगडाची मोठी यंत्रं बांधली. तेच सूत्र." ती थांबली. "मी तेव्हा तुम्हाला हेच सांगत होते."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय?

"एकतीस वर्षं मी मुलांना उलूघ बेग एका ओळीत शिकवला," ती म्हणाली. "परीक्षेला यायचा नाही ना. दरवर्षी वाटायचं, आपण तरी नीट बघून यावं." मग कठड्यावरचा हात न काढता तिने विचारले, "तुम्ही हात का वर केलात हो?"

"सगळ्यांनी केला म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि हसली. "तरी बरं, खरं बोललात."

आम्ही पाऊण तास तिथे होतो. घड्याळ मी पाहिले नाही. आल्यावर चालकाने सांगितले. पैसे देताना त्याने उरलेले सोम परत केले, ते मी मोजले नाहीत.

बस सुटायला दहा मिनिटे होती. तेवढ्यात सियाब बाजारातून समरकंदची प्रसिद्ध रोटी घेतली, 'नोन'. जाडजूड, गोल, मधे ठसा उमटवलेली, वरून तकतकीत. वाटाडी म्हणाली, "आमच्याकडे घरचं माणूस दूर निघालं की अशा रोटीचा एक घास खाऊन जातं. उरलेली रोटी घरात टांगून ठेवतात, ते परत येईपर्यंत." सौ.ने तिथेच एक तुकडा मोडून तोंडात घातला, एक मला दिला आणि उरलेली रोटी त्या पोरीच्या हातात ठेवली. पोरीचे डोळे भरून आले. बसमध्ये मंडळी अक्रोड, बेदाणे, जर्दाळू एकमेकांना दाखवत होती. वकीलसाहेबांनी विचारले, "काय, काही मिळालं का वेधशाळेत?" सौ. म्हणाली, "हो, उधारी वसूल झाली." त्यांना कळले नाही. मला कळले.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे खर्चाचा हिशेब लिहायला बसलो. टॅक्सीचा आकडा काही केल्या आठवेना. शेवटी ती ओळ कोरीच सोडली. चौतीस वर्षांत माझ्या वहीत राहिलेली ही पहिली कोरी ओळ.

या थंडीत आम्ही जयपूरला निघालो आहोत. दोघेच, तांडा नाही. जंतरमंतरसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला आहे. मनगटावरचे घड्याळ मी घरीच ठेवणार आहे. वेळ पाहायचीच झाली, तर तिथे जयसिंहाचे सम्राट यंत्र आहे. आणि ते कसे वाचायचे हे सांगणारे माणूस माझ्याबरोबर आहे.