खमरियात वाचलेलं ‘मॉकिंगजे’

‘द हंगर गेम्स’ मालिकेची पहिली दोन पुस्तकं माझ्या लेकीने मला तिच्या अकरावीच्या वर्षी वाचायला लावली. तिसरं, ‘मॉकिंगजे’, हातात देताना मात्र तिने आधीच बजावलं, ‘‘आई, हे तितकं भारी नाही हं. यात खेळ नाहीच, सगळे नुसते रडत असतात.’’ तिच्या मैत्रिणींचंही तेच मत होतं. मे महिना होता. दुपारी जबलपूरच्या उन्हात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून कूलरसमोर बसून मी ते वाचत गेले. मला तिन्हींत तेच सर्वांत आवडलं.

सुझन कॉलिन्सची ही मालिका 2008, 2009 आणि 2010 अशी लागोपाठ तीन वर्षांत आली. पॅनेम नावाचा देश, श्रीमंत कॅपिटॉल आणि त्याच्यासाठी राबणारे डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी 24 मुलांना रिंगणात सोडायचं आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, तेही सगळ्या देशाने पडद्यावर पाहत असताना. धाकट्या बहिणीचं, प्रिमचं नाव निघतं तेव्हा कोळसा खाणीच्या डिस्ट्रिक्टमधली कॅटनिस तिच्या जागी जाते. पहिल्या दोन पुस्तकांत हा खेळ आहे, त्यामुळे ती खाली ठेवता येत नाहीत. तिसऱ्यात युद्ध आहे. कॅटनिस बंडखोरांचं प्रतीक झालेली आहे आणि ते बंडखोर जमिनीखाली राहतात. तिथे रोज सकाळी हातावर दिवसाचं वेळापत्रक उमटवतात आणि जेवण मोजून वाढतात.

मी खमरियाच्या फॅक्टरी इस्टेटमध्ये वाढले. आमच्या जबलपूर शहरात 1904 पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, आणि दारूगोळ्याची खमरियाची फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये उभी राहिली. बाबा तिथे फिलिंगमध्ये होते, म्हणजे गोळ्यांत स्फोटक भरण्याच्या कामावर. सकाळी भोंगा झाला की इस्टेटमधल्या सगळ्या सायकली एकाच दिशेने निघायच्या. काड्यापेटी आणि बिडी गेटवरच काढून ठेवायची, आत गेल्यावर कपडे आणि जोडे बदलायचे. इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे उंच बांध. एकीत काही झालं तर शेजारची वाचावी, एवढ्यासाठी. हे सगळं आम्हा मुलांना पाठ होतं. पण बाबा काय भरतात आणि ते पुढे कुठे जातं, हे आमच्या घरात कोणी विचारत नसे.

म्हणूनच या पुस्तकातला डोंगराचा भाग वाचताना मला पान उलटवेना. डिस्ट्रिक्ट दोनमध्ये एका पोखरलेल्या डोंगराच्या पोटात कॅपिटॉलचा लष्करी तळ आहे. तो काही केल्या पडत नाही. कॅटनिसचा जुना सोबती गेल सुचवतो, आत शिरण्यापेक्षा डोंगरावर बॉम्ब टाका, दरडी कोसळवा, आतले आतच गाडले जातील. कॅटनिस आणि गेल या दोघांचेही वडील खाणीतल्या एकाच स्फोटात गेलेले. तरीही तो हे सुचवतो. तिला मात्र त्या क्षणी खाणीच्या तोंडाशी वाट पाहत उभी असलेली लहान मुलगी आठवते. ती मुलगी ती स्वतःच होती. शेवटी ठरतं ते असं की डोंगर पाडायचा, पण आगगाडीचा बोगदा मोकळा ठेवायचा, म्हणजे जिवंत असतील त्यांना बाहेर येता येईल.

बाबा तेव्हा निवृत्त होऊन आमच्याकडेच राहत होते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही बसायचो, आणि दिवसभरात वाचलेलं मी त्यांना मराठीत सांगायचे. कॅपिटॉल, खेळ, मुलं हे सगळं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी डोंगराची गोष्ट सांगितली तेव्हा ते सरळ होऊन बसले आणि विचारलं, ‘‘आत कोणती पाळी होती?’’

मला ते सांगता आलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘बोगदा उघडा ठेवला हे बरं केलं, बेटा.’’ मग बराच वेळ ते त्यांच्या सेक्शनमधल्या माणसांबद्दल बोलत राहिले. त्यातली कितीतरी नावं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली.

बोगद्यातून बाहेर आलेला एक होरपळलेला तरुण कॅटनिसवर बंदूक रोखतो आणि म्हणतो, तुला न मारण्याचं एक कारण सांग. तिला सांगता येत नाही. हा प्रसंग मी दोनदा वाचला. किशोरांसाठीच्या कादंबरीत नायिकेला असं निरुत्तर उभं करायला लेखिकेचं धैर्य लागतं. कॉलिन्सचे वडील अमेरिकेच्या हवाई दलात होते आणि ती सहा वर्षांची असताना व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. हे मला नंतर कळलं आणि पुस्तकातल्या कितीतरी जागांचा उलगडा झाला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा. शेवटाकडे कॅपिटॉलच्या वाड्यापुढे कोंडलेल्या मुलांवर चंदेरी पॅराशूट उतरतात. खेळात अशाच पॅराशूटमधून भेटी यायच्या, म्हणून मुलं हात पुढे करतात. काही पॅराशूट फुटतात. जखमींना उचलायला बंडखोरांचे वैद्यकीय स्वयंसेवक धावतात, त्यांत तेरा वर्षांची प्रिम असते. आणि मग उरलेले फुटतात. आधी थोडे मारायचे, मदतीला आलेल्यांना नंतर, ही युक्ती गेलने आणि बंडखोरांसाठी शस्त्रं बनवणाऱ्या बीटीने कागदावर मांडलेलीच असते. बॉम्ब नेमके कोणी टाकले याची खात्री कॅटनिसला अखेरपर्यंत मिळत नाही आणि गेललाही देता येत नाही. जिच्यासाठी पहिल्या पानापासून सगळं केलं ती बहीणच जाते. माझी लेक इथेच पुस्तकावर रागावली होती. मला मात्र इथेच ही लेखिका पूर्ण प्रामाणिक वाटली. शस्त्र बनवणाऱ्याला ते कुठे पडणार हे माहीत नसतं, हे आमच्या इस्टेटमध्ये सगळ्यांना कळत होतं. फक्त कोणी बोलत नव्हतं.

त्यानंतर बंडखोरांची प्रमुख कॉइन कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन आणखी एक खेळ भरवायचं सुचवते आणि कॅटनिसचा बाण कॅपिटॉलचा राष्ट्राध्यक्ष स्नो याच्याऐवजी तिला लागतो. यावर आम्ही मायलेकी खूप भांडलो. कॅटनिसने त्या खेळाला आधी होकार का दिला, यावर आमचं अजूनही एकमत नाही.

आनंद म्हणाल तर तो कॅटनिससोबत खेळात गेलेल्या पीटाच्या प्रसंगांत आहे. कॅपिटॉलने छळ करून त्याच्या आठवणी विषारी केलेल्या असतात, म्हणून तो एकेक आठवण पुढे ठेवून विचारत राहतो, हे खरं की खोटं? बाकीचे जमेल तितकं खरं सांगतात. माणूस हळूहळू बरा होतो, पूर्ण कधीच होत नाही, हे मी एवढ्या साध्या रीतीने लिहिलेलं फार थोड्या पुस्तकांत वाचलं आहे.

2014 आणि 2015 मध्ये या पुस्तकाचे दोन भागांत सिनेमे आले. ते चांगले आहेत, पण पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत. घरातल्या मुलांनी दोन पुस्तकं वाचून तिसरं अर्धवट टाकलं असेल, तर त्यांना पुन्हा उचलायला सांगा आणि तुम्हीही सोबत वाचा. घरात एखादं निवृत्त, कारखान्यात हयात गेलेलं माणूस असेल, तर डोंगराचा भाग त्यांना आपल्या भाषेत जरूर सांगा.