बर्फातील वनचरे

अरण्य म्हटले म्हणजे आपणांपुढे साग, पळस नि बांबूची बेटेच उभी राहतात. पण जेथे हिवाळाभर जमीन दृष्टीसही पडत नाही, असे एक अरण्य आम्ही २०२४ च्या जानेवारीत पाहिले. ते म्हणजे अमेरिकेतील, १८७२ साली स्थापन झालेले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. हिवाळ्यात तेथील बहुतेक रस्ते मोटारींस बंद असतात. उत्तरेकडील लामार खोऱ्याचा मार्ग तेवढा खुला राहतो.

तेथे दुर्बिणी घेऊन आम्ही पहाटे उभे राहिलो. प्रथम दिसले ते बायसन नावाचे अजस्र रानबैल. आपले मस्तक डावी-उजवीकडे झुलवून ते बर्फ बाजूस सारीत व तळचे वाळके गवत खात. त्यांची लोकर इतकी दाट की, पाठीवरचे हिम वितळतही नव्हते. १९०२ साली येथे हे प्राणी जेमतेम दोन डझन उरले होते. आज ते हजारांनी मोजतात.

इतक्यात समोरच्या टेकडीवरून सात लांडगे एकामागून एक, पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवीत उतरले. कळपातील एक लंगडी गाय मागे रेंगाळत होती. आमची भाची कळवळून म्हणाली, "मामा, आपण ओरडून त्यांना हाकलू या ना!" परंतु वनचरांच्या व्यवहारात माणसाने ढवळाढवळ करू नये, असा तेथील कडक नियम आहे. आम्ही स्तब्ध राहिलो. तेवढ्यात चार-पाच बैल शिंगे रोखून वळले, गाय कळपात शिरली आणि लांडगे रित्या पोटी परतले. भाची क्षणभर हर्षली, मग हळूच म्हणाली, "आता ते काय खातील?"

या प्रश्नाचा विसर माणसाला पूर्वी पडला होता. दुष्ट म्हणून लांडगे वेचून मारण्यात आले. १९२६ पर्यंत उद्यानातून त्यांचा नायनाट झाला. पुढे एल्क जातीच्या हरणांनी वाळुंजाचे कोवळे कोंब वाढू दिले नाहीत. अखेर १९९५ व १९९६ साली कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले. तेव्हापासून काही ओढ्यांकाठी वाळुंज पुन्हा उंचावला आहे. त्याचे श्रेय लांडग्यांना किती द्यावे, याविषयी शास्त्रज्ञांत अद्यापि मतभेद आहेत.

विद्यार्थीमित्रहो, उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्तात लांडगा हा मेंढरांचा वैरी म्हणून येतो, आणि मेंढपाळाने त्याला अडविलेच पाहिजे. पण त्या खोऱ्यात मेंढरे आमची नव्हती. देवाने आदामाला बागेची मशागत व राखण सांगितली. तिच्यात कोणी उपाशी मरावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याला दिला नाही.