एक पंगत

माणसाने देव व्हावे हे ऐकून आपल्याकडे कुणी दचकत नाही. नराचा नारायण होण्याची भाषा आपल्या कानांना सरावाची आहे. ख्रिस्ती धर्मातही असा विचार आहे, हे वाचले तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

देव माणूस झाला तो माणसाला आपल्या जीवनात वाटेकरी करून घेण्यासाठी, असे चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी मांडले. ग्रीक भाषेत याला ‘थिओसिस’ म्हणतात. यात माणूस देवात विरघळून जात नाही. जुन्या धर्माचार्यांनी दाखला दिला आहे तो लोखंडाचा. भट्टीतले लोखंड लाल होते, चटका देते, उजेड देते. तरी ते लोखंडच राहते.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा विचार उराशी धरला. रोमन कॅथलिक शिकवणुकीतही तो आहेच. पण १०५४ साली रोमचे दूत आणि कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. प्रभुभोजनाच्या भाकरीत खमीर असावे की नसावे, हाही त्या भांडणातला एक विषय होता! ते बहिष्कार मागे घेतले गेले १९६५ साली, पोप पॉल सहावे आणि पेट्रिआर्क अथेनागोरस यांच्या हातून. पुढे १९७७ साली कीव्ह येथे फिनलंडचे लूथरपंथी आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळी बोलणी करायला बसली. श्रद्धेने ख्रिस्त माणसात वसतो, हा लूथरचा विचार थिओसिसच्या जवळचाच आहे, असे फिनलंडचे पंडित तुओमो मान्नेर्मा यांनी प्रतिपादले.

एवढे जवळ येऊनही ही चर्चे आज एका वेदीपाशी भाकर मोडत नाहीत.

मला यात आमचे घर दिसते. शेताच्या बांधावरून माझे वडील आणि काका कोर्टात गेले होते. पुढे खटला मागे घेतला. बाजारात रामराम होऊ लागला. पण एका पंगतीला दोघे बसले नाहीत, ते नाहीतच. वडील गेले तेव्हा काका अंगणात उभे राहून रडले. जेवायला थांबा म्हणायचे तरी कुणी, आणि कोणत्या तोंडाने?

मागे घेतलेला खटला म्हणजे जुळलेले मन नव्हे. आमच्या गावचा लोहार सांगे, थंड लोखंडाचे दोन तुकडे कितीही ठोका, सांधायचे नाहीत. दोन्ही तापावे लागतात, आणि तेही एकाच भट्टीत.